पुणे–लोणावळा लोकलच्या खिडकीतून तुम्हाला काय काय दिसतं?

खिडकीकडची

नमस्कार मंडळी.

माझा शिवाजीनगर–लोणावळा पास आहे, सहा वर्षं झाली. लोणावळ्यात शाळेत शिकवते. सकाळी सगळी गर्दी पुण्याकडे येत असते आणि मी उलट्या दिशेला जाते, त्यामुळे चढल्या चढल्या खिडकी मिळते. पण पहिली चार-पाच वर्षं त्या खिडकीशी बसून मी वह्याच तपासल्या. मान वर केली असेल ती कुठलं स्टेशन आलं एवढं बघण्यापुरती.

गेल्या वर्षी जूनमध्ये कामशेतला एक आजी चढल्या. मांडीवर करवंदांची पाटी. समोर बसल्या, माझ्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, इथनं म्होरं छपरं बघत चल. पाऊस कुठं किती पडतो ते छपरावर लिवलंय." मी पेन खाली ठेवलं. तेव्हापासून वह्या घरी तपासते.

आणि खरंच लिहिलेलं आहे हो! शिवाजीनगर, खडकी, दापोडी, सगळीकडे गच्च्या सपाट. वर काळ्या टाक्या, कुंड्या, वाळत घातलेले कपडे. चिंचवड-आकुर्डीलाही तेच. तळेगाव आलं की सपाट स्लॅबवर लोखंडी खांब रोवून वर पत्र्याची शेड चढलेली दिसायला लागते. घर आधी शहरासारखं बांधलं आणि मग दोन पावसाळे गळल्यावर वर छप्पर घालावं लागलं, हे लांबूनही कळतं. कान्हे-कामशेतपासून जुनी कौलारू घरं, वळचण भिंतीच्या दीड हात बाहेर. मळवली ओलांडली की पश्चिमेकडच्या भिंतींवरसुद्धा पत्रे ठोकलेले, कारण तिकडून पाऊस आडवा येतो. लोणावळ्यातल्या जुन्या बंगल्यांची छपरं तर इतकी उभी की पाणी थांबायला जागाच नाही, आणि तरी कौलांवर शेवाळाचा काळा थर.

पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. लोणावळ्यात ४,००० च्या वर. अंतर ६४ किलोमीटर. स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती वाचत जा. पुणे साडेपाचशे मीटरच्या थोडं वर, लोणावळा सहाशेच्या थोडं वर. चढ एवढासाच आहे. खरा फरक पडतो तो सह्याद्रीचा कडा जवळ आल्यामुळे. अरबी समुद्रावरून आलेले ढग कडा चढताना रिकामे होतात, पुण्याला उरलंसुरलं मिळतं. पर्जन्यछायेचा प्रदेश मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत होते, आणि रोज सव्वा तास त्याच आकृतीतून प्रवास करत होते, हे लक्षात यायला मला करवंदवाल्या आजी भेटाव्या लागल्या.

माझी सगळ्यात लाडकी जागा मात्र पुढची. कामशेत सुटलं की डावीकडे विसापूर येतो. एवढा लांबरुंद, माथा एकसारखा सपाट. लोहगड तेव्हा दिसत नाही, तो विसापूरच्या मागे असतो. गाडी मळवलीकडे सरकते तसा विसापूरच्या पश्चिम टोकाआडून लोहगड बाहेर येतो आणि मग त्याची ती लांब सोंड, विंचूकाटा. थंडीत सकाळी आठच्या सुमाराला ऊन मागून येतं तेव्हा विसापूरच्या कड्यावरचे कातळाचे थर मोजता येतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, एकावर एक. जिथे थर कठीण तिथे उभा कडा, जिथे ठिसूळ तिथे गवताची उतरण. आपले डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात ते यामुळे.

तुम्ही रोज जाणारे खूप जण इथे आहात. तुम्हाला काय दिसतं ते सांगा. मला माझी खिडकी पुरी करायची आहे.

---

जुना पासधारक

फार सुंदर धागा. मी तळेगाव–शिवाजीनगर, १९ वर्षं. तुमच्या यादीत घोरावडेश्वराचा डोंगर हवाच. बेगडेवाडी-घोरावडीच्या टप्प्यात दिसतो. बहुतेकांना तिथलं महादेवाचं देऊळ माहीत असतं, महाशिवरात्रीला जत्रा भरते. पण मुळात ती बौद्ध लेणी आहेत, कातळात कोरलेली. महादेव तिथे नंतर आला.

मी सतरा वर्षं खालून हात जोडत गेलो. दोन वर्षांमागे मुलाला घेऊन वर चढलो. लेण्याच्या तोंडाशी बसलो तर खालून आमचीच लोकल चालली होती, काडेपेटीएवढी. तेव्हापासून गाडीतून वर बघताना मला उलटं दृश्यही दिसतं.

---

पाचर

सगळे वर बघताय, मी खाली बघायला सांगतो. स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे माझी नजर मोऱ्यांवर जाते.

तळेगाव सोडलं की रुळांखालून किती ओढे जातात ते मोजा. वळणावर किंवा शेजारून रस्ता जात असेल तर मोरीचं तोंड दिसतं. नवीन असेल तर काँक्रीटची चौकोनी पेटी. जुनी असेल तर काळ्या दगडाची कमान. दगड पाचरीच्या आकाराचे घडवलेले, खाली अरुंद, वर रुंद. कमान बांधताना खाली लाकडी साचा ठेवतात, दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणतात आणि अगदी मधला, सगळ्यात वरचा दगड बसला की साचा काढून घेतात. त्यानंतर वरून जितका भार येईल तितके दगड एकमेकांना घट्ट धरतात. वाफेच्या इंजिनांसाठी हिशेब करून बांधलेल्या अशा कमानी आजही गाड्या पेलताना दिसतात, त्याचं मला रोज अप्रूप वाटतं.

खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ ला सुरू झाला. बोरघाटातला मार्ग मात्र १८६३ मध्ये पुरा झाला. म्हणजे मधली पाच वर्षं मुंबईचा प्रवासी घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरायचा, पालखीने, गाडीने किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. आपला मावळातला रूळ तेव्हा मुंबईशी न जोडलेला, एकटाच धावत होता. (घाटाचं काम हाती घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. पुढे त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट चालवून पुरं केलं. हे नाव आपल्याकडे अजून खूप घेतलं जायला हवं.)

आता ही गंमत बघा. मळवलीला डावीकडे विसापूरच्या कुशीत भाजे लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागातही भली मोठी कमान आहे. पण ती कमान काहीच पेलत नाही, डोंगर स्वतःच उभा आहे. कोरणाऱ्यांनी त्यांच्या काळातल्या लाकडी इमारतींचं रूप जसंच्या तसं दगडात उतरवलं, आत छताला लाकडी फासळ्यासुद्धा बसवल्या. खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, कारण लाकडी खांब तसे कलते रोवत असावेत. एका मैलाच्या आत एक लाकडाची आठवण ठेवणारी कमान आणि एक आगगाडी पेलणारी कमान.

---

मावळची लेक

कामशेतच्या आजींना नमस्कार. मी कान्ह्याची. आता लग्न होऊन चिंचवडला असते, पण माहेरी जाताना लोकलच.

छपरांबद्दल अगदी खरं. आमच्या आजोबांच्या घराला पुढे पडवी होती आणि वळचणीखाली पावसाळाभराची सुकी लाकडं रचलेली असायची. वळचण मोठी ठेवायची ती भिंतीसाठी तर खरीच, पण सरपणासाठीही.

पण ताई, तुम्ही खाचरं सोडली! कान्हे ते मळवली दोन्ही बाजूंनी जे लहान लहान बांधांचे तुकडे दिसतात ना, ते वर्षभर बदलतात. एप्रिल-मेमध्ये तपकिरी शेतात मधेच काळे चौकोन दिसतील. ते राब भाजलेले. पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळायचं, म्हणजे तणाचं बी मरतं आणि तिथे भाताचं रोप टाकायचं. जूनमध्ये त्याच काळ्या चौकोनांवर असा पोपटी रंग येतो की गाडीतले अनोळखी लोक एकमेकांना दाखवतात. जुलैत आवणी, म्हणजे ती रोपं उपटून खाचरात लावायची. तेव्हा खाचरात पाणी उभं असतं आणि विसापूर त्यात उलटा दिसतो. ऑक्टोबरात पिवळं. नोव्हेंबरात पेंढ्यांच्या उडव्या.

तुम्ही सगळे जो इंद्रायणी तांदूळ खाता तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. नाव नदीचं, आणि ती नदीही याच मार्गाला सोबत करते.

एक मन दुखतं ते सांगते. दर वर्षी दोन-चार खाचरांभोवती कुंपणाची भिंत येते. बांध तसेच असतात, आत गवत. भाताला पाणी एका खाचरातून दुसऱ्यात सोडतात. मधलं एक बंद झालं की खालच्याचं पाणी तुटतं. खिडकीतून हे कळणार नाही, म्हणून लिहिलं.

---

खिडकीकडची

@मावळची लेक, काळे चौकोन! मी ते पाहिले होते आणि कुणी कचरा जाळला असं समजले होते. क्षमस्व. उद्या वर्गात सांगते.

@पाचर, तुमच्यामुळे आता मला दोन्हीकडे बघावं लागणार.

---

नवखा_प्रवासी

मी नागपूरहून बदली होऊन आलोय. रविवारी मुद्दाम जाणार आहे. कुठल्या बाजूला बसू?

---

खिडकीकडची

जाताना डावीकडे. विसापूर, लोहगड, भाजे सगळं त्याच अंगाला. येताना पण त्याच अंगाला बसलात तर उजवीकडची बाजू राहून जाते, म्हणून परतताना बाजू बदला. मळवलीला उत्तरेच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आणि एकवीरा. लेणं गाडीतून उठून दिसत नाही, पण डोंगर ओळखता येतो. आत भारतातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह आहे, सुमारे ४५ मीटर लांब. मळवलीला उतरून एका दिवसात भाजे आणि कार्ले दोन्ही होतात. दुपारी मात्र लोकल फार कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

---

संगमावरून

थोडा इतिहास. पुणे स्टेशनची सध्याची इमारत १९२५ ची, तिला शंभरी होऊन गेली. तिथून निघालं की गाडी मुठेवरचा पूल ओलांडते. तिथेच मुळा-मुठेचा संगम. या संगमाजवळ ब्रिटिश रेसिडेंटचा, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रजांच्या वकिलाचा बंगला होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला तेव्हाचा रेसिडेंट एल्फिन्स्टन तिथून बाहेर पडून खडकीच्या छावणीकडे गेला, मागे मराठ्यांनी रेसिडेन्सी जाळली आणि त्याच दिवशी खडकीची लढाई झाली. संगम ते खडकी आपण काही मिनिटांत पार करतो. पेशवाईचा शेवट सुरू झाला तो याच टप्प्यात.

शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डा. पुढे डाव्या हाताला कृषी महाविद्यालयाची जमीन लागते. महाविद्यालय १९०७ चं. शहराच्या मध्यात एवढी शेती गाडीतून दिसते याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं. आता त्यातल्या काही भागावर मेट्रोचा डेपो आहे.

आणि वडगाव! जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी तिथे कोंडलं आणि तह करायला लावला. त्या मोहिमेत कॅप्टन स्ट्यूअर्ट कार्ल्याजवळ पडला. शत्रू असून आपल्या लोकांनी त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटलं. सातवाहनांच्या काळातले व्यापारी, हे इंग्रज, मग रेल्वे, सगळे बोरघाट चढून याच खोऱ्यातून आले, कारण कोकणातून देशावर यायला ही वाट सोपी.

---

रुळालगतचा

माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे गड आणि खाचरांबद्दल लिहितात, पण दापोडी ते आकुर्डी हा भाग कुणाच्या यादीत नाही. माझे वडील पिंपरीत कारखान्यात होते. तिथे १९५४ ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग एकेक कारखाना येत गेला. करवती दातांसारखी छपरं दिसतात ना, ज्यांची एक बाजू उभी आणि काचेची? त्यातून आत उजेड यावा पण ऊन यंत्रांवर पडू नये म्हणून ती काच उत्तरेला ठेवतात. लहानपणी मी गाडीतून वडिलांच्या शेडचे दात मोजायचो. अकरा होते. आता तिथे इमारती आहेत आणि त्यातल्याच एका इमारतीत आम्ही राहतो, बाराव्या मजल्यावर.

आमच्या गॅलरीतून रूळ दिसतो. माझी मुलगी गाडी कुठली ते आवाजावरून सांगते. लोकल, मालगाडी, एक्सप्रेस. तुमच्या खिडकीतून आम्ही म्हणजे नुसती एक उंच इमारत असू, पण कपडे वाळत घालणारी बाई, दिवा लागलेलं स्वयंपाकघर, हेही दृश्यच आहे.

---

जुना पासधारक

@रुळालगतचा, मी या इमारतींवर खूप चिडचिड केलेली आहे, कारण पूर्वी चिंचवडच्या पुढे मोकळं माळरान दिसायचं. तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. संध्याकाळच्या गाडीने येताना बाराव्या मजल्यावर बघेन.

---

भीमाई

देहूरोड कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. माझी आजी त्या दिवशी तिथे होती, आगगाडीने आली होती. गाडी देहूरोडला थांबली की आमच्या घरातलं प्रत्येक माणूस उभं राहून नमस्कार करतं, विहार खिडकीतून दिसो न दिसो. २५ डिसेंबरला या गाडीतून प्रवास करा, पांढऱ्या साड्यांनी डबे भरलेले असतात.

आणि एक जोड. इथे कार्ले, भाजे, घोरावडेश्वर सगळे आले. रुळाच्या या एवढ्या लांबीत दोन हजार वर्षांपूर्वीचे बुद्ध विहार आणि १९५४ चा विहार दोन्ही आहेत. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कार्ल्याला नेलं तेव्हा खांबावर हात ठेवून उभी राहिली होती बराच वेळ.

---

नवखा_प्रवासी

रविवारी जाऊन आलो. डावीकडे बसलो. कामशेतनंतर समोरच्या दूधवाल्या काकांना विचारलं, विसापूर कुठला? त्यांनी कॅन बाजूला सारून मला दारापाशी नेलं आणि लोहगड बाहेर येईपर्यंत बोट तसंच धरून ठेवलं. भाज्याला चढलो. ते कलते खांब पाहिले. @पाचर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी ते डोंगर खचल्यामुळे झालं असं समजलो असतो.

लोहगड आता मराठा लष्करी भूप्रदेशांच्या यादीतून जागतिक वारसा झाला आहे (२०२५), तिथे मोठी गर्दी होती. भाज्याला त्या मानाने शांत.

---

पाचर

वा! आनंद झाला. पावसाळ्यात पुन्हा जा, लेण्यांशेजारचा धबधबा गाडीतूनही पांढऱ्या रेघेसारखा दिसतो.

---

खिडकीकडची

हा प्रतिसाद थोडा मोठा होईल.

काल शनिवार, अर्धी शाळा. येताना @मावळची लेक यांच्या माहेरी कान्ह्याला उतरले. त्यांच्या भावाने मला रुळाखालच्या एका मोरीपाशी नेलं, जिच्यातून त्यांची शेताकडे जायची वाट आहे. सहा वर्षं मी तिच्यावरून जात होते, आणि आत उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती आहे.

उन्हातून आत शिरलं की एकदम गार. दगडांवर छिन्नीच्या खुणा अजून बोटांना लागतात, तिरप्या, एका दिशेच्या. एका दगडावर त्या उलट्या दिशेने होत्या. तो दगड घडवणारा डावखुरा असेल का, असा विचार मनात आला आणि तिथेच थांबला. सांध्यांतला चुना काही ठिकाणी निघून गेलाय आणि तिथे नेच्याची रोपं उगवली आहेत. कमानीचा सगळ्यात वरचा दगड मी मान मागे टाकून शोधला. सापडला.

तेवढ्यात वरून गाडी आली. भाऊ म्हणाले, घाबरू नका, हात लावा. मी भिंतीला तळहात टेकवला. आवाज खूप झाला, पण दगडात फक्त एक बारीकशी थरथर आली आणि गेली.

बाहेर पडताना त्यांनी आतल्या भिंतीवरची एक काळसर रेघ दाखवली. गेल्या जुलैत ओढ्याचं पाणी तिथवर चढलं होतं. मी शेजारी उभी राहून बघितलं, ती रेघ माझ्या खांद्याच्या वर होती.